ऑस्टवुडसाहेबांची पुतळी

"वजन करू नका, ते मला पाठ आहे," ऑस्टवुडसाहेब म्हणाले आणि त्यांनी ते सोन्याचं नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. "याची गोष्ट लिहून द्यायची आहे. हिंदीत. शुक्रवारपर्यंत."

मी चहाचा कप घाईघाईनं दूर सरकवला. नाण्यांच्या खोलीत चहा आणायचा नाही हा त्यांचा नियम होता आणि मी तो दर मंगळवारी आणि गुरुवारी मोडत होते. त्या दिवशी त्यांचं कपाकडे लक्षच गेलं नाही.

"निवडणुकीसाठी?" मी विचारलं.

"दुसऱ्या कशासाठी? डॉब्सन म्हणतो, गावात तुमच्या लोकांची पाचशे मतं आहेत. आणि मी गेल्या खेपेला कितीनं आलो, आठवतं ना?"

ते अख्ख्या वेदरफर्डला आठवत होतं. दोनशे चौदा मतांनी. डॉब्सन म्हणजे त्यांचा प्रचारप्रमुख, आणि तो आकडा त्याला झोपेतसुद्धा दिसत असावा.

हे सप्टेंबर १९७४ मधलं. इंग्लंडच्या मधोमध वेदरफर्ड नावाचं बुटांच्या कारखान्यांचं गाव, आणि गिल्बर्ट ऑस्टवुड चोवीस वर्षं तिथले खासदार. त्यांचे वडील बुटांच्या नाड्या विकायचे. मुलगा शाळेतून थेट लढाईवर गेला, परतला तो नगरपालिकेत निवडून आला आणि तिथून पार्लमेंटात. मंत्री झाले ते टपालखात्याचे, तेही दुय्यम, आणि अकरा महिन्यांत सरकारच पडलं. त्यांचं नाव झालं ते भलत्याच गोष्टीनं. जुनी शिलिंग-पेन्स मोडीत काढून नवी दशमान नाणी आणायचं ठरलं, तेव्हा हे गृहस्थ जुन्या नाण्यांच्या बाजूनं चाळीस मिनिटं बोलले. पेपरवाल्यांनी त्यांना 'चिल्लर खासदार' म्हणायला सुरुवात केली आणि साहेबांनी ती पदवी खुशाल मिरवली.

घरात त्यांची तीन हजार नाणी होती. उथळ खणांचं एक लाकडी कपाट, प्रत्येक नाण्याला एक गोल खाच, खाचेत नाण्याखाली गोल कागदाची चिठ्ठी. मी पुण्याला प्राचीन इतिहासात एम. ए. केलेलं, नाणी हा माझा खास विषय. इंग्लंडात डॉक्टर नवऱ्याच्या मागे येऊन बटाटे सोलत बसले होते, तेवढ्यात साहेबांना हिंदुस्थानी नाण्यांच्या चिठ्ठ्या लिहायला माणूस हवा असल्याचं कळलं. एवढ्याशा गोल कागदावर बारीक अक्षरात राजाचं नाव, टांकसाळ, साल. मला ते काम आवडायचं.

हे नाणं मात्र कपाटात नसायचं. ते साहेबांच्या कोटाच्या आतल्या खिशात असायचं. मी ते नीट असं त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं. आपल्या बायका माळेत घालतात ती पुतळी. दोन उभ्या आकृत्या, झिजलेल्या. कडेला डाग दिल्याची खूण, म्हणजे तिथं कधीतरी कडी होती आणि ती मोडली होती.

"चव्वेचाळीस साल," साहेबांनी सुरुवात केली. खुर्चीत बसून बोलणं त्यांना जमायचं नाही, ते उठून उभे राहिले. "मी देवळालीला तोफखान्यात लेफ्टनंट. दारणा नदीच्या काठानं जीप घेऊन येत होतो. एक बाई आडवी आली, कडेवर पोर, पोराचं अंग तापानं भाजत होतं. दोघांना गाडीत घातलं आणि लष्करी इस्पितळात नेलं. पोरगा वाचला. महिन्यानं त्यांच्या गावाहून बोलावणं आलं. जाखलवाडी. माझ्या डायरीत लिहिलेलं आहे. दिवाळी होती. मला एका पाटावर बसवलं. त्या बाईनं, ठकूबाई तिचं नाव, हातात ताट घेतलं. त्यात दिवा. माझ्या कपाळाला कुंकू लावलं, डोक्यावर तांदूळ टाकले. मग ताटातलं हे नाणं आणि एक सुपारी उचलून माझ्या तोंडाभोवती फिरवली, परत ताटात ठेवली. दिवा फिरवला. आणि मग ताट माझ्यापुढे धरलं."

"मग?" मी विचारलं.

"मग मी नाणं उचललं आणि तिला कडक सॅल्यूट ठोकला. सगळं घर एकदम गप्प झालं. इतके भारावलेले लोक मी पुन्हा कुठे पाहिले नाहीत."

मी पुतळीकडे बघत राहिले, कारण त्यांच्याकडे बघायची सोय नव्हती. भाऊबीज! त्या बाईनं साहेबाला भाऊ मानून ओवाळलं, औक्षणाला सोनं हवं म्हणून घरातली पुतळी ताटात ठेवली, ओवाळणीसाठी ताट पुढे केलं, आणि भाऊ ताटातलं सोनंच उचलून चालता झाला. हे कळायला एम. ए. लागत नाही. सगळं घर गप्प होईल नाहीतर काय?

"या एका नाण्यानं मला नाण्यांचं वेड लावलं," साहेब म्हणत होते. "आणि राजकारणाचंही. प्रत्येक निवडणुकीत मी ही गोष्ट सांगतो. गरिबातला गरीब माणूस उपकार विसरत नाही. लिहाल ना?"

"लिहिते," मी म्हणाले.

"छान. आणि तुमच्या आईसाठीचं पत्र डॉब्सनकडे टाइपिंगला दिलंय. सोमवारी सही करतो."

ते पत्र म्हणजे माझा जीव की प्राण होता. वडील त्याच वर्षी चैत्रात गेले. मी एकुलती एक. आई गडहिंग्लजला दोन खोल्यांत एकटी, नळावर पाय घसरून मनगट मोडून घेतलेली, आणि मुंबईच्या ब्रिटिश कचेरीनं तिचा माझ्याकडे येण्याचा अर्ज फेटाळलेला. कारण काय, तर तिला पुतणे आहेत! हे पुतणे तिच्याकडे वर्षातून एकदा, जत्रेचं मटण खायला येत. साहेबांनी गृहखात्याला लिहिलं तरच काही हलणार होतं.

घरी येऊन मी आमच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते आधी पोट धरून हसले आणि मग गंभीर झाले.

"तू काही बोलायचं नाहीस. साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये."

"आणि हिंदीत छापून निघाल्यावर? कारखान्यातली एक गुजराती बाई वाचेल आणि दुपारच्या सुट्टीपर्यंत पाचशे घरं हसत सुटतील."

"हसू देत. मतं देतील."

"हसतात त्याला कोण मत देतं?"

तीन दिवस मला चैन पडलं नाही. दोनदा गोष्ट लिहिली, दोनदा फाडली. भाजी करपली, कणकेत मीठ दोनदा पडलं. स्वयंपाकघरातून पुढच्या दारापर्यंत नऊ पावलं होती. ती मी किती वेळा चालले असेन, देवाला ठाऊक. बोलले तर साहेब बिथरणार, पत्र बुडालं. नाही बोलले तर साहेब पडणार, आणि पडलेल्या खासदाराच्या पत्राला गृहखात्यात कोण विचारतो? शेवटी मी बोलायचं ठरवलं. त्यात सचोटीचा भाग फार नव्हता. सरळ हिशेब केला आणि गेले.

शुक्रवारी दुपारी मी त्यांना उभ्या उभ्याच सांगून टाकलं. ओवाळणी म्हणजे काय, ताट कशासाठी पुढे करतात, भावानं काय करायचं असतं. साहेब खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

"मग त्यांनी मला थांबवलं का नाही?"

"दारात आलेल्या पाहुण्याला? दिवाळीच्या दिवशी? ज्यानं पोर वाचवलं त्याला? आणि तुमच्या कमरेला पिस्तूल असेल."

"होतं," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तिच्याकडे अशी आणखी असतील. ही माळेतली असते, असं तुम्हीच कुठल्याशा चिठ्ठीवर लिहिलंय."

"माळ असती तर तिनं ताटात कडी मोडलेली सुटी पुतळी ठेवली नसती. बहुतेक तेवढंच सोनं घरात उरलं होतं."

ते वळले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता. मी मनातल्या मनात आईच्या अर्जाला तिलांजली दिली. पण साहेब रागावले नव्हते. त्यांनी डॉब्सनच्या फायलीतून आईचं पत्र शोधून काढलं आणि सोमवारची वाट न बघता सही केली.

"माझ्यावर उपकार केलेत, मिसेस इंगवले," ते म्हणाले.

आता ती पुतळी परत पाठवून द्या, हे वाक्य माझ्या जिभेवर होतं. पेनाला टोपण लागायच्या आत मी ते बोलायला हवं होतं. पण पत्राची शाई अजून ओली होती, आणि मी पत्र उचलून फुंकर घालत बसले.

पुढच्या आठवड्यात नगरपालिकेच्या सभागृहात सभा झाली. साहेबांनी जीप सांगितली, ताप सांगितला, ताट सांगितलं. मग नाणं वर धरून म्हणाले, "इतकी वर्षं मी तुम्हाला सांगत आलो की हे मला भेट मिळालं. परवा एका विदुषीनं मला सांगितलं की मी ते ढापलं!" आणि त्यांनी स्वतःची अशी काही टिंगल केली, त्या गप्प झालेल्या घराची अशी नक्कल केली, की आमच्या गुजराती बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या. टाळ्या थांबेनात. मीही वाजवल्या. साहेब बाराशे मतांनी निवडून आले आणि डॉब्सननं मला फुलं पाठवली.

आई जानेवारीत आली. सहा महिन्यांची परवानगी होती. कायम राहायचं तर आणखी एक अर्ज आणि साहेबांचं आणखी एक पत्र लागणार होतं. अर्ज आम्ही लगेच टाकला. आई थंडीला भ्यायली नाही, गॅसला भ्यायली नाही, दोन दिवसांत शेजारच्या म्हातारीशी कुंपणावरून खुणांनी गप्पा मारायला लागली. संध्याकाळी मी घरी येत होते आणि घरात कुणीतरी माझी वाट बघत होतं. मला पोटभर जेवल्यासारखं वाटायचं.

तिला मी पुतळीची गोष्ट सांगितली. ती भाकरी थापत होती. 'सॅल्यूट ठोकला' इथं आल्यावर ती इतकी हसली की भाकरी हातात फाटली. मग हसू ओसरल्यावर तिनं विचारलं, "मग दिली का परत?"

"नाही अजून."

"अजून म्हंजे? कळून किती दिस झालं?"

मी भाजीला फोडणी द्यायला घेतली.

साहेबांनी आपल्याला इथं आणलं, त्यांना जेवायला बोलावून ओवाळायचं, हे आईनंच काढलं. मी साहेबांना सांगितलं, ते खूश झाले. रविवारी आले ते डॉब्सनला आणि गावच्या पेपरच्या फोटोग्राफरला घेऊन. दारातच डॉब्सन माझ्या कानाशी म्हणाला, "तुमच्या आईचं दुसरं पत्र तयार आहे. उद्या साहेबांची सही झाली की रवाना."

पाट नव्हता, म्हणून साहेबांना जेवणाच्या खुर्चीवर पूर्वेकडे तोंड करून बसवलं. विधवेनं ओवाळू नये म्हणतात, ते आईनं मानलं नाही; तिनं डोक्यावर पदर घेतला. कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, सुपारी आणि आपली अंगठी त्यांच्या तोंडाभोवती फिरवली. निरांजन ओवाळलं. मग ताट पुढे धरलं. साहेबांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले, आतल्या खिशात हात घातला आणि ती पुतळी आईच्या ताटात ठेवली. फोटोग्राफरचा दिवा चमकला.

"तीस वर्षांनी," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज खरोखरच भरून आला होता. "सांगा त्यांना, भावाकडून."

आईनं पुतळीकडे पाहिलं. मग साहेबांकडे. मग माझ्याकडे.

"सुमे, सांग त्यास्नी. ही माझी न्हवं. जिची हाय तिला न्हेऊन द्या म्हणावं. नाव ठावं हाय, गाव ठावं हाय, मग माझ्या ताटात कशाला?"

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. साहेब हसऱ्या चेहऱ्यानं, डॉब्सन मधूनच घड्याळाकडे बघत, फोटोग्राफर दुसऱ्या फोटोच्या तयारीत. आईचं ताट तसंच पुढे होतं. मला दिसत होतं ते टाइप केलेलं, बिनसहीचं पत्र.

"आई म्हणते, तिला शब्द सुचत नाहीत," मी इंग्रजीत म्हणाले. "ती तुमची फार फार आभारी आहे."

साहेब उठले. आईचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन ते किती तरी वेळ हलवत राहिले. पुन्हा दिवा चमकला. मग सगळे जेवले. आईनं त्यांना आग्रह करकरून वाढलं, त्यात काही कमी केलं नाही.

मंडळी गेल्यावर ती मोरीशी उभी राहून ताट विसळत होती.

"काय सांगितलंस?" तिनं न वळता विचारलं.

"तू सांगितलंस तेच."

"सुमे."

"तू आभारी आहेस, असं सांगितलं."

तिनं ताट पुसलं, जागेवर उभं केलं. "इंग्रजी येत न्हाई मला. पर तोंडावर परत फिरवलेला माणूस असा हसत जेवत न्हाई, एवढं कळतंय."

"मी काय करायला हवं होतं? उद्या सही आहे त्यांची! बिथरले असते तर?"

"असते तर असते."

"तुझ्यासाठी केलं मी हे."

"ठावं हाय. म्हणून तर मी जातो."

आमच्या गडहिंग्लजकडे बायका 'मी जाते' म्हणत नाहीत, 'जातो' म्हणतात. लहानपणापासून ऐकलेला तो शब्द त्या क्षणी मला जिव्हारी लागला.

मी चिडले, रडले, दोन दिवस अबोला धरला. आमच्या डॉक्टरांनी तिला समजावलं; आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. "आत्या, कागद हातात यायच्या आत देश सोडलात तर अर्ज रद्द होतो. पुन्हा येता येणार नाही."

"मग न्हाई यायची," ती त्यांना म्हणाली. "पावनं, दुसऱ्याचं सोनं घरात ठिवून मला हितं झोप लागंना. जिचं तिला पोचवतो आणि माझ्या घरी जातो."

"पोस्टानं पाठवू. मी पाठवतो."

"ओवाळणी पोस्टानं धाडत्यात व्हय?"

फेब्रुवारीत ती गेली. पुतळी रुमालात बांधून चोळीत ठेवली होती. विमानतळावर तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, जेवत जा म्हणाली, आणि आत गेली. मी काचेला चिकटून उभी राहिले. तिनं मागं वळून पाहिलं नाही. तिला वाट दाखवणाऱ्या बाईच्या मागं ती घाईघाईनं चालली होती.

कायम राहण्याची परवानगी नवव्या दिवशी पोस्टानं आली. मी साहेबांना सांगितलं, आईला करमेना म्हणून परत गेली. साहेब हळहळले. त्यांच्या भाषणांत आता गोष्टीला नवा शेवट लागला होता: तीस वर्षांनी आपण ते नाणं एका मराठी मातेच्या ताटात परत ठेवलं, आणि ती बोलू शकली नाही. पेपरात आलेला फोटो त्यांनी चौकटीत घालून नाण्यांच्या खोलीत लावला होता. मी मंगळवारी आणि गुरुवारी त्याच्याकडे पाठ करून बसायचे.

एप्रिलमध्ये आईचं पत्र आलं. चौथी शिकलेल्या बाईचं, मोठ्या अक्षरांतलं.

'चि. सुमीस आशीर्वाद. धाकट्या पुतण्यास सोबत घेऊन जाखलवाडीस जाऊन आलो. ठकूबाई आहे. तिला दिसतं कमी. पुतळी हातात दिली तर तिला काही आठवेना. मोटारवाल्या सायबाचं नाव काढलं तेव्हा आठवलं. मुलगा साखर कारखान्यात आहे, त्याला बोलावून आणलं. मी सांगितलं, तुझ्या भावानं धाडली. तिनं विचारलं, माझा भाऊ कसा आहे, त्याला मुलंबाळं किती. मला ठाऊक नव्हतं. तिनं निरोप सांगितला आहे, दर भाऊबीजेला त्याच्या नावानं चंद्राला ओवाळतो, एकदा येऊन जा. सायबास हे सांग. जसंच्या तसं सांग. तुझं काही घालू नको.'

ते पत्र मी तीन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. चौथ्या दिवशी साहेबांसमोर बसले आणि एकेक ओळ इंग्रजीत वाचून दाखवली. त्याआधी त्या रविवारचं सांगावं लागलं. आई खरं काय म्हणाली होती, आणि मी काय सांगितलं होतं. संपल्यावर साहेब भिंतीवरच्या फोटोसमोर जाऊन उभे राहिले.

"'भाऊ' असाच शब्द आहे?"

"हो."

"कुठे?"

मी पत्रावर बोट ठेवलं. ते वाकून त्या दोन अक्षरांकडे बघत राहिले.

"मिसेस इंगवले, मी राजकारणात आहे. मला बरं वाटावं म्हणून लोक रोज काय काय सांगतात. हे तुमच्या आईनं लिहिलंय, की मला बरं वाटावं म्हणून तुम्ही सांगताय?"

"तिनंच लिहिलंय."

"त्या रविवारीही तुम्ही असंच माझ्याकडे बघून सांगितलं होतंत."

आयुष्यात एवढं खरं मी कधी बोलले नव्हते, आणि ते सिद्ध करायला माझ्याजवळ त्यांना न वाचता येणारा एक कागद होता. त्यांनी तो मागितला. मी दिला.

आठ दिवसांनी पत्र पाकिटातून परत आलं. सोबत लंडनच्या कुणा भाषांतरकारानं टाइप करून दिलेलं भाषांतर होतं, शब्दन्‌शब्द मी सांगितलं तेच. खाली साहेबांच्या हातचं एक वाक्य: माफ करा, खात्री करून घ्यावी लागली. मला राग यायला हवा होता. आला नाही. मी ते पाकीट घेऊन स्वयंपाकघरातून पुढच्या दारापर्यंत फेऱ्या घालत राहिले.

पुढच्या मंगळवारी भिंतीवर फोटो नव्हता. ती गोष्ट त्यांनी पुन्हा कुठल्या सभेत सांगितली नाही. डॉब्सन मला विचारायचा, साहेबांचं काय बिनसलंय. मी म्हणायचे, मला काय माहीत.

नोव्हेंबरात साहेब पंधरा दिवस सुट्टीवर गेले. कुठे ते कुणाला माहीत नव्हतं, मलाही नाही. मला कळलं ते आईच्या पत्रातून. तिला ठकूबाईच्या मुलानं कळवलं होतं. भाऊबीजेला साहेब जाखलवाडीला येऊन गेले. पाटावर बसले, ताटात ओवाळणी घातली, जेवले. सोबत पेपरवाला नव्हता. नाशिकच्या कॉलेजातले एक मास्तर तेवढे होते, दुभाष्या म्हणून.

त्यानंतरही अकरा वर्षं, ते जाईपर्यंत, मी त्यांच्या चिठ्ठ्या लिहीत होते. जाखलवाडीचं त्यांनी माझ्यापाशी कधी काढलं नाही, आणि मीही त्यांना कधी विचारलं नाही.